मक्यात अडकलेला होकार

कणीस भाजल्याचा वास आला की कामरेजजवळचं ते शेत आठवतं. तिकीट काढून उभ्या मक्यात आखलेल्या वाटांच्या भुलभुलैयात हरवायचं, असला तिथला खेळ. माझ्या मुलासाठी पाहिलेल्या मुलीच्या आईचा होकार अडला होता, म्हणून त्यांना तिथे नेऊन मी मिरवलं, “चला माझ्यामागे, खानदेशची शेतकरीण आहे मी!” तासाभराने घामाघूम होऊन आम्ही पुन्हा त्याच बुजगावण्यापाशी. मक्याच्या दोन ओळींपलीकडे फाटक दिसत होतं. “अहो बेन, घुसा ना सरळ!” त्या म्हणाल्या. “उभं पीक तुडवू?” मी खेकसले. शेवटी रखवालदाराला हाका मारून बाहेर पडलो. संध्याकाळीच होकार आला. माझ्या रुबाबावर भाळल्या, असं मी आमच्या सगळ्या डिंडोली वस्तीत सांगत फिरले. परवा सुनेने हसत खरं सांगितलं, “आई म्हणाली होती, जिला मक्याचं धाट मोडवत नाही, ती माझ्या पोरीला काय छळणार?”