आत्याच्या तोंडात बाईंचे दात

आमच्या काकांना सिनेमा बघायला थिएटरात नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. एकदाच नेलं होतं. पडद्यावर एक म्हातारा नट मुलाचं बोलणं नुसता ऐकत बसला होता, सगळं थिएटर चिडीचूप, आणि काका खुर्चीतून अर्धवट उठून मागच्या प्रोजेक्टरच्या झरोक्याकडे बघत म्हणाले, "जरा मागे घ्या हो." थिएटर हसलं. काकूने रुमालात तोंड लपवलं. बाहेर पडताना काकांनी निकाल दिला की जिथे चांगली गोष्ट पुन्हा बघता येत नाही, तिथे माणसाने पैसे देऊन जाऊ नये.

तेव्हापासून सिनेमा घरीच. रविवारी जेवणं उरकली की मागच्या खोलीचा पडदा ओढायचा, सगळ्यांचे फोन ड्रॉवरमध्ये, आणि काका कामाचं स्टूल घेऊन टीव्हीसमोर. सोफ्यावर बसलं की झोप लागते आणि थोर माणसांसमोर झोपणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. रिमोटचं झाकण कधीच हरवलंय, सेल रबरबँडने बांधलेत, आणि थांबवायचं बटण इतकं झिजलंय की ते कुठे आहे हे फक्त काकांच्या अंगठ्याला ठाऊक.

काका कवळ्या बनवतात. डेंटिस्टकडून जबड्याचा ठसा येतो, पुढच्या खोलीत काका त्यात प्लास्टर ओतून साचा करतात आणि मग मेणात एकेक दात बसवतात. दिवसभर माणसांची तोंडं समोर, पण त्यांत माणूस नाही. त्यामुळेच बहुतेक पडद्यावरचा जिवंत चेहरा त्यांना इतका धरून ठेवतो.

आवडत्या नटांची ते नावं घेत नाहीत. एक नट 'थोरले', एक नटी 'बाई'. "आज थोरल्यांना बोलावू या का," असं ते म्हणाले की नवखा पाहुणा चहाचा एक कप जास्त मोजतो. संवादांचं त्यांना फारसं कौतुक नाही. "बोलायला काय, पोपटही बोलतो. समोरचा बोलत असताना बघ त्यांना. ऐकताना." मग थांबवतात, मागे घेतात, पुन्हा दाखवतात, आणि दुपारचा सिनेमा संध्याकाळपर्यंत पुरतो. शाळेच्या नाटकात मी झाड झालो होतो, तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. काका म्हणाले, झाड बरं होतं, पण ऐकत नव्हतं. त्यांची थट्टा मी पुष्कळ करतो, पण चांगल्या गोष्टीकडे बघायचं कसं हे मला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही.

या बैठकीचा दुसरा खांब म्हणजे आत्या, काकांची मोठी बहीण. शेजारच्या गल्लीत राहते. सिनेमा थांबवायचं काम काकांचं, तर चालू असताना पडद्यावरच्या माणसांशी भांडायचं काम आत्याचं. खलनायक दारात उभा राहिला की "आला मेला," नायिका पत्र न वाचताच ठेवून द्यायला लागली की "अगं, उघड तरी." ती हसली की पुढचा एक दात शेजारच्या दातावर खांदा टेकून उभा दिसायचा, गर्दीतल्या आगाऊ पोरासारखा. लहानपणी ही भावंडं शेजाऱ्यांच्या खिडकीतून टीव्ही बघायची, तेव्हा बाई पडद्यावर हसल्या की आत्या म्हणायची, "मला असे दात हवे होते." काकांनी ते मनात जपून ठेवलं.

पुढे आत्याच्या हिरड्यांनी दातांची साथ सोडली. डेंटिस्टने सगळे दात काढले आणि कवळीचं काम अर्थातच काकांकडे आलं. काकांनी बाईंचा सिनेमा लावला, त्या हसल्या तिथे थांबवला, आणि साचा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर दात बसवायला बसले. कित्येक दिवस आमच्या टीव्हीवर बाई नुसत्या हसत होत्या. काकू म्हणाली, "दुसऱ्या बाईच्या तोंडाकडे इतकं बघणारा नवरा पदरी पडलाय, आणि संशय घ्यायचीही सोय नाही."

कवळी झाली मात्र अप्रतिम. सगळी गल्ली म्हणाली, आत्या किती तरुण दिसतेय. आत्याने आरशात बघितलं, "छान आहे रे," म्हणाली, आणि हात तोंडावर नेला. तो तिथेच राहिला.

रविवारी खलनायक आला, आत्या गप्प. काकांनी थांबवून मागे वळून बघितलं, तर ती तळव्याआडून नुसती मान हलवत होती. पुढच्या रविवारी तिचा गुडघा दुखत होता. त्यापुढच्या रविवारी तो फारच दुखत होता, पण काकूला ती आदल्याच दिवशी बँकेचा जिना चढताना दिसली होती. काकांनी कवळी मागवून कडा घासल्या, कुठे टोचतं का विचारलं. टोचत नव्हतं. डेंटिस्टने तपासलं, बसलीय झकास, सवय होईल, म्हणाला. सवय झाली ती हाताला. काका स्टुलावर बसून राहायचे. पडद्यावर थोरले जीव ओतायचे आणि काका एकदाही थांबवायचे नाहीत.

"जन्मभर ती माझ्या शेजारी बसून बोललीय," ते काकूला म्हणाले. "आणि मीच तिचं तोंड बंद केलं."

अशाच एका रविवारी थोरल्यांचा जुना, पुष्कळदा बघितलेला सिनेमा चालू होता. त्यात ते बंद पडलेल्या कारखान्याचे पहारेकरी झालेत. रिकाम्या फाटकाशी उभे राहून ते तुटक्या दातावरून जीभ फिरवत होते. काकांनी थांबवलं. मागे घेतलं. स्टूल पुढे ओढून नाक पडद्याला लावलं.

"थोरल्यांचे दात चांगले आहेत," ते म्हणाले. "बाकी सगळ्या सिनेमांत चांगले आहेत."

"मग?" भाजी निवडता निवडता काकूने विचारलं.

"हा मुद्दाम तसा केलाय. एवढा देखणा माणूस, पण पहारेकरी व्हायचं म्हटल्यावर आपले दात झाकून त्याचा मोडका दात घेतला. आणि मी काय केलं? ताईच्या तोंडात बाईंना नेऊन बसवलं."

ते उठून पुढच्या खोलीत गेले. तिथे फळीवर, त्यांच्या कामाच्या जागेच्या पाठीमागे, आत्याचा जुना साचा धूळ खात पडला होता, दात काढायच्या आधीचा. आगाऊ दात त्यावर होताच, शेजाऱ्यावर खांदा टेकून. बाईंचं हसू काकांना तोंडपाठ होतं आणि सख्ख्या बहिणीचं बघायचं राहूनच गेलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

या खेपेला टीव्ही बंद होता. काकांनी तो दात मेणात तिरका बसवला, काढला, पुन्हा बसवला. उभ्या आयुष्यात त्यांनी काही वाकडं बसवलेलं नव्हतं. हात आपोआप सरळ करायचा आणि मग ते हातावरच चिडायचे. शेवटी चहा ठेवायला आलेली काकू साच्याकडे बघून म्हणाली, "हं. आता दिसल्या वन्सं."

कवळी तयार झाली तशी काका स्वतः जाऊन आत्याला घेऊन आले. गुडघा आठवायला तिला सवडच दिली नाही. तिने आमच्याकडे पाठ करून कवळी बसवली आणि वळली. ओठांवरून कळत होतं, आत जीभ फिरतेय. एका जागी ती थांबली.

"हा आला का परत," आत्या म्हणाली.

"नको असेल तर सरळ करतो."

"हात तर लावून बघ." मग जरा थांबून, काकांकडे न बघता, "ते दात फार सुंदर होते रे. पण हसले की वाटायचं, बाई हसतायत आणि मी त्यांच्या मागे उभी आहे. त्यांच्यासमोर मी काय बोलणार?"

काकांनी उठून पडदा ओढला, फोन ड्रॉवरमध्ये गेले, स्टूल जागेवर आलं. सिनेमा सुरू झाला आणि थोड्या वेळाने पडद्यावरचं दार करकरलं.

"आला मेला," आत्या म्हणाली, आणि हसली. दोन्ही हात मांडीवरच होते.

खलनायक दारात जागच्या जागी थांबला. काकांच्या अंगठ्याने बटण दाबलं होतं. पण ते पडद्याकडे बघत नव्हते. स्टुलावर पूर्ण वळून आत्याकडे बघत होते, एरवी फक्त थोरल्यांकडे बघतात तसे.

"चालू कर की," आत्या म्हणाली. "माझ्याकडे काय बघतोस?"

"ताई," काका म्हणाले, "जरा मागे घे ना."