मोजमापाचा माणूस

आमच्या कॅनडातल्या हॅमिल्टनच्या घरात सोफ्याच्या वर एका जुन्या जलरंगातल्या चित्राची प्रत होती. फार पूर्वी सर्व्हेच्या तुकडीबरोबर गेलेल्या कुणा चित्रकाराने काढलेलं. सुपीरियर सरोवराकाठचा काळा कडा, आणि पायथ्याशी लाल घोंगडी पांघरून पाठमोरा उभा असलेला इवलासा माणूस. मला त्याची पहिल्यापासून भीती वाटायची. दिवा लावायला गेले की वाटे, आता हा वळणार.

"हा कोण?" मी ह्यांना विचारलं होतं.

"कुणी नाही गं. कडा किती उंच आहे ते ऑफिसातल्या साहेबांना कळावं म्हणून उभा केलेला."

हे स्वतः सर्व्हे इंजिनियर. सर्व्हेबरोबर फिरणाऱ्या अशा जुन्या चित्रकारांचं ह्यांना भारी वेड. रिटायर झाल्यावर दर उन्हाळ्यात आम्ही चित्रांतल्या जागा शोधत हिंडलो. चित्रकार कुठे बसला असेल ते सापडलं, की हे तिथे कॅमेरा घेऊन उभे राहणार आणि मला लाल शालीसकट त्या माणसाच्या जागी पिटाळणार.

"थोडं डावीकडे सरक. आणि पाठ कर."

"मी काय मोजपट्टी आहे?" डासांनी जीव नकोसा केलेला असायचा. तरी सरकायचे.

हे अचानक गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर सगळ्यांत मीच, मुंगीएवढी, पाठमोरी. ह्यांचा एकही नाही. शेवटी लायसन्सवरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला. तो चेहरा ह्यांचा वाटतच नव्हता. मला ह्यांचा असा राग आला, की मी हमसून हमसून रडले. चित्रातला माणूस मात्र होता तिथेच उभा, आणि हळूहळू त्याचे खांदे मला ह्यांच्यासारखे दिसायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन चित्रातल्या त्या कड्याशी गेले.

"आई, गो स्टँड देअर. आय विल टेक इट," ती म्हणाली.

"नको. कॅमेरा आण इकडे."

ह्यांच्या जागी उभी राहिले. कॅमेऱ्याच्या पडद्यात कडा मावला, पण किती उंच ते काही कळेना. मी थांबले.

"अहो, थोडं डावीकडे सरका."

मुलीने कड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, देअर्स नोबडी देअर."

"पाठ नको," मी म्हणाले. "तोंड इकडे करा." आणि बटण दाबलं.