न उघडणारं तोंड

"बघा, तोंड उघडत नाही. खर्रा! या लोकांची तोंडं अशीच."

मोठ्या डॉक्टरनं माही हनुवटी दोन बोटांनी धरून शिकाऊ डॉक्टरांना दाखवली. ते हसले. मी खाटेवर. अंग भाजत होतं, डोकं फुटत होतं. सारं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. थुंकी गिळता येत नव्हती. ती गालावरून उशीवर गळत होती.

तंबाखू-सुपारी घोटलेला तो खर्रा मी जन्मात खाल्ला नाही.

आसगावात धानाची रोवणी सुरू होती. दाढ ठणकत होती, तरी बांधीतल्या चिखलात उतरली. मग हुडहुडी, ताप, मान लाकडासारखी. दवाखान्यात पाठीतलं पाणी काढलं. मेंदूज्वर निघाला. तो खराच होता. पण त्यापुढं कोणी पाहिलंच नाही. मान ताठ? मेंदूज्वरानं. तोंड बंद? खर्ऱ्यानं.

माय म्हणाली, "साहेब, पोरगी खर्रा खात नाही जी. जबड्याखाली सुजून राहिलं. गिळता येत नाही तिले."

त्यानं आडनाव विचारलं. ऐकलं.

"वाटलंच. बाई, डॉक्टर मी आहे. बाहेर हो."

माय गेली. चपला हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. ताठ मान कशी असते ते दाखवायले माहं डोकं उचललं. मग एका शिकाऊ पोरीले म्हणाला, "तू उचल." तिनं उचललं. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी बाई नव्हती, फळ्यावरचं चित्र होती. त्याचा हात पुन्हा आला तसं मी मनगट पकडलं. बळ कुठून आलं, माहीत नाही. त्याची बोटं ओढून जबड्याखाली दाबली.

"सोड! हात लावायचा नाही मला!"

सोडलं नाही. बोटं सुजेत रुतली. मग तो स्वतःच चाचपू लागला.

मानेचा फोटो काढला. मशीनमध्ये घालून काढतात तो. घशामागं खोलवर पू, दाढेतून उतरलेला. श्वासाची नळी दबून राहिली होती. त्याच दुपारी मान चिरली.

जगली मी. आवाज फाटला. अजून कोणी उशी सरकवली की अंग आखडते. डोळा लागला की हनुवटीवर दोन बोटं येतात. हसणं ऐकू येते. आणि माय अजूनही कोणाच्याही दारात चपला काढून उभी राहते.

मी तक्रार दिली. आता साहेबाकडची माणसं घरी येतात. "जीव वाचला ना तुहा? साहेब माफी मागतील, त्यांच्या खोलीत. मागं घे."

खोलीत नाही. त्याच वार्डात, त्याच पोरापोरींसमोर. माह्या मायले खुर्चीवर बसवून. तोवर मी तक्रार मागं घेत नाही.