मिठाच्या रस्त्यावर लेशेकची गाडी

उर्शुला पलीकडच्या गावातल्या शाळेत पोरांसाठी सूप रांधायची. डिसेंबरात डोंगरातली सकाळची बस बंद झाली. नवरा लेशेक पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला, घर तिच्याच पगारावर. शेडमध्ये त्याची मोटरसायकल उभी होती. बर्फ पडायच्या आत तिला तेलाचा हात फिरवायचा आणि थेट ईस्टरनंतर बाहेर काढायची, हा त्याचा जुना नेम. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मीठ लोखंड खातं.

"शेजारचा यानूश मोटारीतून सोडतो मला," असं तिने लेशेकला सांगितलं आणि गाडी काढली. घरात आवाज जाऊ नये म्हणून वळणापर्यंत ढकलत न्यायची, मगच चालू करायची.

संध्याकाळी मात्र मन खायचं. मग चुलीवरचं कढत पाणी बादलीत घेऊन ती गाडीला न्हाऊ घालायची आणि ओल्या अंगावरच प्लास्टिक घट्ट गुंडाळायची. तरी जानेवारीत चाकाच्या तारा तांबूस झाल्या, पुढे सायलेन्सरवर गंजाचे खवले धरले.

"गाडीला तेल लावलं होतंस ना?" लेशेक पलंगावरून विचारायचा.

"लावलं रे."

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ती चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला गेली. "फादर, मी नवऱ्याशी खोटं बोलते."

"दुसरा कुणी पुरुष?"

"नाही हो! मोटरसायकल."

जाळीपलीकडे फादर खोकले, बहुतेक हसू दाबायला. "मग मला सांगून काय उपयोग, बाई? त्याला सांग."

ईस्टरच्या आधीच्या रविवारी तिने लेशेकला चाकाच्या खुर्चीतून शेडमध्ये नेलं आणि प्लास्टिक ओढून काढलं. "यानूश कधी आलाच नाही. मीच नेत होते."

"ठाऊक आहे. थंडीत आवाज लांबून येतो. माझी गाडी मला ओळखू येणार नाही होय?" त्याने चांगल्या हाताने तारा चाचपल्या. बोटं लाल झाली. "रोज कढत पाणी ओतायचीस ना?"

"हो. स्वच्छ राहावी म्हणून."

"अगं बाई, गाडी म्हणजे काय बाळंतीण आहे? उबेत मीठ आणखीच चावतं. गार पाणी मारायचं, कोरडी करायची, मग तेल. आणि वर हे प्लास्टिक! आतल्या आत घाम धरला तिने."

"मला काय ठाऊक?"

"मला होतं." तो गाडीकडेच बघत राहिला. "खिडकीतून वाफ दिसायची रोज. तोंड उघडलं असतं, तर तू दुसऱ्या दिवसापासून बर्फातून पायी गेली असतीस. म्हणून बघत बसलो."

त्याच्या रागासाठी तिने मनाची तयारी केली होती, तशी प्रार्थनाही. या उत्तरासाठी काहीच तयारी नव्हती.

"चूक माझीच," ती म्हणाली.

"अर्धी."

तिने त्याच्या गुडघ्यांवरची घोंगडी सारखी केली. उरलेली अर्धी त्याच्या पदरात टाकायला तिचं मन काही धजेना.