निलेशची न आलेली गाडी

आज मोरिवलीच्या घरी माझ्या धाकट्या भावाचा, निलेशचा, मृत्यूनंतरचा जलदान विधी झाला. आदरांजलीसाठी माझं नाव घेतलं, पण मला उभं राहता आलं नाही.

मग त्याचा गॅरेजमधला मित्र उठला. म्हणाला, "गॅरेजच्या भिंतीवरच्या फोटोतली ती जपानी गाडी इथे का विकत नाहीत, ते निल्याने मला शंभरदा सांगितलं. प्रत्येक देशाचे धुराचे, सुरक्षेचे नियम वेगळे. मोजक्या गिऱ्हाइकांसाठी कंपनी इंजिन बदलून पुन्हा चाचण्या करत नाही. मी म्हणायचो, बस कर भावा, आधी समोरची रिक्षा खोल."

लोक हलकंसं हसले.

हेच सांगायला निलेश माझ्याकडेही यायचा. मी दरवेळी 'नंतर' म्हणायचो. आज पूर्ण ऐकलं, दुसऱ्याच्या तोंडून.

तुमच्या घरात कुणाचं ऐकायचं राहिलंय का?