सिदेरीस नाव मागत नाही

बोट नाकापाशी दिसल्याशिवाय माझा थोरला भाऊ सिदेरीस खुर्चीतून उठत नाही. नाक म्हणजे आमच्या फानारी बेटाचं पूर्वेकडचं टोक. तिथून बोट वळली की ती खरंच येते आहे असं आम्ही धरून चालतो. वेळापत्रकावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नाही, पण बाकीची माणसं निदान धक्क्यावर येऊन ताटकळतात. हा मात्र वर चौकातल्या कॉफीच्या दुकानात ठाण मांडून बसतो. बोट नाक वळली की उरलेली कॉफी संपवायची, वर पाणी प्यायचं, जो दिसेल त्याला 'येतो रे' म्हणायचं आणि रमतगमत पायऱ्या उतरायच्या. तो खाली पोचतो तेव्हा बोटीचा रॅम्प धक्क्याला टेकत असतो. उभा जन्म त्याने असा काढला आणि त्या एका शनिवारपर्यंत एकदाही त्याची बोट चुकली नाही. मला राग येतो तो ह्याचाच.

कालिरोई, माझी वहिनी, हयात होती तेव्हा टोपल्या, बोचकी आणि त्यांचा लहानगा मुलगा नीकितास सांभाळत ती खाली धक्क्यावर उभी असायची. कमरेवर हात ठेवून वर बघून ओरडायची, "नाक दिसलं! आता तरी ऊठ!" हे अख्ख्या बेटाला ऐकू जायचं. मग सिदेरीस कप खाली ठेवायचा. तिच्या ओरडण्याशिवाय त्याची कॉफी संपतच नसे, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, हा माणूस कुणाकडे काही मागत नाही. मीठ कमी असलं तर अळणी जेवेल, पण मीठ दे म्हणणार नाही. लग्नाचंच बघा. कालिरोई शेजारच्या अलोनी बेटावरची. सिदेरीसच्या मनात ती भरली, पण तोंड उघडेल तर शपथ. दर रविवारी मधाची बरणी घेऊन बोटीने अलोनीला जायचा, तिच्या बापासमोर बसायचा, हवेबद्दल बोलायचा आणि संध्याकाळच्या बोटीने परत यायचा. वर्षभर हेच चाललं. शेवटी तिच्या बापाची फडताळं मधाने भरली. तो वैतागून म्हणाला, "अरे बाबा, मध विकायचा आहे की मुलगी हवी आहे?" सिदेरीस म्हणाला, "जसं तुम्हाला बरं वाटेल." घरी येऊन त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

कालिरोई एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेली. त्यानंतर सिदेरीस बोटीत चढलाच नाही. मधमाश्यांच्या पेट्या, कॉफीचं दुकान आणि घर, बस्स. नीकितास लग्न करून आईच्या गावी, अलोनीला राहायला गेला, तरी हा हलला नाही. मग नीकितासला मुलगी झाली आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी तिचा बाप्तिस्मा ठरला.

आमच्याकडे पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात. म्हणजे कालिरोई. पण नाव उच्चारायचं असतं धर्ममातेने, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी मानलेल्या आईने, चर्चमध्ये, पाद्र्याने विचारल्यावर. त्याआधी आईबापसुद्धा ते नाव तोंडातून काढत नाहीत, पोरीला नुसतं 'बेबी' म्हणतात. आई चर्चच्या बाहेर थांबते. नाव उच्चारलं की आतली सगळी पोरं आरडाओरडा करत बाहेर धावतात, आणि जो आधी आईला नाव सांगेल त्याला साखरबदामांची पहिली मूठ. आता ह्या पोरीची धर्ममाता एल्व्हीरा. ती माझ्या भाचेसुनेची, दाफ्नीची, अथेन्सची मैत्रीण. केस कापलेली, हातात कायम सिगारेट. किराणा दुकानात आमच्या बेटाचा फोन आहे, आणि दुकानदारीणबाईंचे कान लांब. त्यांनी बातमी आणली की एल्व्हीराला 'दानाई' हे नाव फार आवडतं.

मी तडक सिदेरीसकडे गेले. तो पेट्यांना धूर देत होता.

"नीकितासला फोन कर," मी म्हटलं. "सांग त्याला, आईचं नाव ठेव."

"नाव मागायचं नसतं, मारूसो."

"का नसतं? तुझी बायको होती ती!"

"मागून मिळालं तर ते तिचं राहत नाही. द्यायचं त्यांच्या मनात असेल तर देतील."

"आणि नसेल मनात तर?"

त्यावर त्याने मलाच धूर दिला. मी खोकत घरी आले. नीकितासला मीच फोन केला असता, पण तोही बापाचाच. म्हणाला असता, धर्ममातेला नाव सुचवायचं नसतं. ह्या घराण्यात सगळी तोंडं फक्त जेवायला उघडतात. सिदेरीसची झोप मात्र उडाली होती, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. सांजवेळी कालिरोईच्या फोटोपुढचा दिवा तो दोनदा-दोनदा पुसायचा.

शनिवारी निघायचं ठरलं. त्या उन्हाळ्यात आमच्या मार्गावर नवी वेगवान बोट सुरू झाली होती. जुनी बोट, जिला आम्ही म्हातारी म्हणतो, ती फक्त रविवारी यायची. मी सिदेरीसला बजावलं, कॉफीवाल्याने बजावलं, दुकानदारीणबाईंनी बजावलं की ही नवी बोट नाक वळते न वळते तोच धक्क्याला लागते.

"बोट ती बोट," सिदेरीस म्हणाला. "नाक जागचं हललेलं नाही, धक्का जागचा हललेला नाही."

मी माझी बॅग घेऊन खाली आले. तिच्यात माझा चांगला निळा पोशाख, नवे बूट आणि पोरीसाठी विणलेला झगा होता. बोट नाक वळली. मी वर ओरडले, "नाक दिसलं! ऊठ!" पण माझा गळा कालिरोईचा नाही. नवी बोट तर माझ्या पाठीशी येऊन उभीच राहिली. मी धावत जाऊन बॅग आत ठेवली, पुन्हा धक्क्यावर उतरले आणि ओरडायला लागले. वर पाहते तर हा शांतपणे पाणी पितो आहे! रॅम्पवरच्या खलाशाला मी म्हटलं, "भाऊ, माझा भाऊ येतो आहे, जरा थांबा." तो म्हणाला, "बाई, ही म्हातारी नाही." रॅम्प वर गेला आणि माझ्या बॅगेसकट बोट निघून गेली.

सिदेरीस पायऱ्यांच्या मध्यावर पोचला होता. हातात मधाचा डबा. रिकाम्या धक्क्याकडे तो असा बघत राहिला, जणू माझंच काहीतरी चुकलं.

"गेली?" त्याने विचारलं.

मी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. धक्क्यावरची मांजरंसुद्धा उठून गेली.

रविवारी पहाटेच वारा सुटला. उत्तरेचा, ऑगस्टचा, हट्टी. म्हातारी आली तेव्हा सिदेरीस माझ्याही आधी धक्क्यावर हजर होता, दाढी करून, कॉफी न पिता. मी मात्र घरातल्या कपड्यांत आणि माशाचा वास मारणाऱ्या सपातांत. म्हातारी एरवीच रडतखडत चालते, वाऱ्यात तर तिला प्रत्येक लाट विचारून विचारून पुढे जायचं होतं. चर्चची वेळ जवळ येत होती आणि अलोनीचा डोंगर काही मोठा होत नव्हता. बाप्तिस्मा थांबवता येण्यासारखा नव्हता, कारण पाद्री पापा-लिनार्दोसना आमच्याच बोटीने पुढच्या बेटावर जायचं होतं. ते भराभर उरकून घेणार हे मला ठाऊक होतं.

अलोनीच्या जवळ आलो तेव्हा सिदेरीस सगळ्यांच्या आधी खाली गाड्यांच्या डेकवर जाऊन रॅम्पपाशी उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे. बोटीने पाठ धक्क्याकडे केली, साखळ्या खडखडल्या, रॅम्प अर्धा खाली आला आणि त्या फटीतून मला सगळं गाव दिसलं. चर्च धक्क्याच्या अगदी वरच आहे. लोक बाहेर पडत होते. दाफ्नी अंगणात, एल्व्हीरा उंच टाचांवर, पापा-लिनार्दोस आपली पिशवी घेऊन हात हलवत, आणि धक्क्याच्या टोकाला नीकितास, कडेवर पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली पोर. त्याच्या पायांशी लाटा फुटत होत्या. आणि वरून पोरांचा घोळका धावत खाली येत होता. दाफ्नीला सांगून झालं असावं, आता त्यांना आजोबा दिसला होता. सगळीच्या सगळी धक्क्यावर उभी राहून आमच्याकडे बघत एकच शब्द ओरडत होती.

काही म्हणजे काही ऐकू येईना. खाली यंत्राची घरघर, वर वाऱ्याची. सिदेरीस रॅम्पच्या इतका पुढे गेला की खलाशाने त्याच्या कॉलरला धरलं.

"काय? काय म्हणताय?" तो ओरडला. ते कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

वाऱ्याने बोट एका बाजूला ढकलली गेली. कप्तानाने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग घंटा वाजली, रॅम्प वर आला, ती फट मिटली आणि आम्ही तिथे ट्रकांच्या वासात उभे राहिलो.

"पुढच्या बेटावर उतरा," खलाशी म्हणाला. "वारा पडला की उद्या परतीला सोडू."

मी सिदेरीसला वर आणून खुर्चीत बसवलं. अलोनी मागे पडत होतं. त्याने मधाचा डबा मांडीवर घेतला होता. आणि मी सुरू झाले.

"शनिवारी उठला असतास तर? एकदा, फक्त एकदा! माझी बॅग गेली बाप्तिस्म्याला, मी नाही गेले! आणि तू, सख्खा आजोबा, नाव ऐकायला गेलास ते इंजिन ऐकून आलास!"

तो म्हणाला, "पोरांची तोंडं बघितलीस? काय म्हणत असतील?"

"मला काय माहीत! कप्तानाकडे वायरलेस आहे, धक्क्यावरचा दोरवाला त्याच्याशी बोलतो. जा वर, विचार."

"नाव मागायचं नसतं."

"अरे मागू नकोस, विचार!"

"तेच ते."

त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला रडू येत होतं आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. मीच वर जायला उठले, तोच भिंतीवरचा कर्णा खरखरला.

"प्रवाशांनो, कप्तान बोलतो आहे. वाऱ्याबद्दल माफी. अलोनीच्या धक्क्यावरून निरोप आहे. फानारीचे सिदेरीसकाका, आज वेळेवर चढलात म्हणून आधी अभिनंदन. तुमच्या नातीचं नाव ठेवलं, कालिरोई. धर्ममातेने इतक्या मोठ्याने म्हटलं की पोर दचकून रडली. आणि मारूसोबाई, तुमची बॅग सुखरूप आहे."

सगळा डेक टाळ्या वाजवायला लागला. कोण कुठले लोक, "पोरगी सुखी राहो, सुखी राहो" म्हणत सिदेरीसचा हात हातात घेत होते. एका बाईने मलाही मिठी मारली, सपातांच्या वासासकट. सिदेरीस मात्र ढिम्म. ओठ तेवढे हलत होते. मग त्याने माझी बाही ओढली.

"मारूसो, वर जा. परत म्हणायला सांग."

"ऐकू नाही आलं? सगळ्या बोटीला ऐकू आलं!"

"आलं ऐकू," तो म्हणाला. "तरी जा. मी मागतोय म्हणून सांग."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग लोखंडी जिना चढले, सपाता घसरत होत्या, तोंडाने पुटपुटणं चालू होतं. कप्तानाला म्हटलं, "भाऊ मागतोय, पुन्हा म्हणा." ह्या वेळी वाऱ्याबद्दल नाही, बॅगेबद्दल नाही, त्याने नुसतं नाव उच्चारलं.

मी खाली आले तर सिदेरीस खुर्चीतून उठून उभा होता. मधाचा डबा हातात, तोंड पाण्याकडे. समोर धक्का नाही, नाक नाही, काहीच नाही.

"बस खाली," मी म्हटलं. "पुढचं बेट यायला अजून पुष्कळ वेळ आहे."

पण तो बसला नाही.