पाचव्या ससोबाचं परीक्षण

आमच्या मासिकात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणारे गृहस्थ व्हिडिओ गेम खेळत नसत. हे मी कुचकेपणानं सांगत नाहीये. ते स्वतःच सांगायचे, आणि वर हसायचे. आधी ते एका इंग्रजी दैनिकात नाटकांवर आणि नृत्याच्या कार्यक्रमांवर लिहीत. तिथून निवृत्त झाले आणि आमच्या संपादकांनी त्यांना उचललं. नव्वदच्या दशकात बेंगळुरात कॉम्प्युटरचं मासिक काढायला कुणीही उठत होतं, पण भारदस्त इंग्रजी लिहिणारा माणूस मिळत नव्हता. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! खोक्यावरचा मजकूर वाचायचा, परदेशी मासिकांच्या जुन्या अंकांतून चार शब्द उचलायचे, मध्ये कुठेतरी मानवी अस्तित्व घालायचं, की झालं परीक्षण.

मी तिथे मुद्रितं तपासायला होते. म्हणजे त्यांच्या अस्तित्वातली स्पेलिंगं दुरुस्त करायला. आणि मला खेळता येत होतं. धाकट्या भावाच्या हातातून हिसकावून घेत घेत शिकले होते. त्यामुळे ते सदर मला हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. आपलं मत, आपल्या नावाखाली, छापलेलं. शेवटी संपादक एकदाचे म्हणाले, "पाचवा भाग येतोय ना? तू लिही, तेही लिहितील. चांगलं असेल ते छापू. तुझं छापलं तर सदर तुझं."

मी मूर्खासारखं हे घरी सांगितलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, यांचं चामराजपेटेत कापडाचं दुकान. दुसऱ्या दिवसापासून खण घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला, मराठीत आणि कन्नडमध्ये, त्यांची मुलगी आता 'लिहिणार' आहे हे कळायला लागलं.

पाचवा भाग कशाचा, ते सांगते. मफलर घातलेला एक ससा. डावीकडून उजवीकडे पळतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, शत्रूंच्या डोक्यावर पाय देतो, शेवटी एका लठ्ठ राक्षसाला लोळवतो. आमच्या घरात त्याला ससोबा म्हणायचे. मी शाळेत होते तेव्हापासून त्याचे भाग येत होते. पहिल्यावर मी जीव लावला होता, दुसरा त्याहून सरस होता. मग मात्र गाडं घसरलं.

मालकांच्या कुणा नातेवाइकानं सिंगापूरहून पाचव्या भागाची एकच कॅसेट आणली. ऑफिसातल्या टीव्हीला गेमचं यंत्र जोडून मी तो खेळ शेवटपर्यंत खेळले आणि खरं ते लिहिलं. रंग झकास, पाण्याखालचा टप्पा नवा आणि गोड, बाकी तेच खड्डे, त्याच उड्या, तोच राक्षस. शिळ्या कढीला ऊत. टाईप करून संपादकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मान हलवली. मी इतकी खूश होते की घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते.

मग आली खंडेनवमी. आमच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या एक कन्नड बाई होत्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. आयुधपूजेचं सगळं त्यांच्याकडे. अक्कांचा हात सढळ. प्रिंटरला गंध, कॉम्प्युटरला झेंडू, मालकांच्या गाडीपुढे कोहळा फोडून त्यात कुंकू. पंचिंग मशीनसुद्धा सुटलं नाही. मग गेमच्या यंत्राला विसरून कसं चालेल? ते तर नवीन! अक्कांनी यंत्राच्या कॅसेट बसवायच्या खाचेत ओलं कुंकू भरलं, कॅसेटच्या तळाच्या पितळी दातऱ्यांना मोठ्या भक्तीनं बोटानं लावलं, अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पूजा आवरताना कॅसेट पुन्हा खाचेत सारून ठेवली.

सुट्टीनंतर आमचे परीक्षक आयुष्यात पहिल्यांदा खेळायला बसले. सामना होता ना, संपादकांनी बसवलंच त्यांना. पडद्यावर काय दिसलं म्हणता? जमीनच नाही! आकाश तांबडं. ससोबाचे कान पुढे पळतायत, धड मागून येतंय. गाणं एका सुरावर अडकून कण्हतंय. ससोबा दर वेळी पाऊल टाकायचा आणि खाली जायचा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणच गायब. कॅसेट बिघडली की काढून फुंकर मारायची, हे आमच्या पेटेतलं शेंबडं पोरही सांगेल. पण हे कसली फुंकर मारतात! हे चष्मा पुसून बसले, आणि टेबलाशी गेले ते दुपारभर लिहीत राहिले.

त्यांचं परीक्षण तपासायला माझ्याकडेच आलं. त्यात होतं की एवढ्या वर्षांच्या लोकप्रियतेनंतर निर्मात्यांनी अखेर नायकाच्या पायाखालची जमीन काढून घेण्याचं धाडस केलं आहे. शरीर आणि मन यांची फारकत, तांबडं आकाश म्हणजे शतकाच्या अंताची भीती. पाच तारे.

मी यंत्र बघितलं. खाचेत लाल चिखल. संपादकांना आणि परीक्षकांना टीव्हीपाशी बोलावून आणलं. टेपरेकॉर्डर साफ करायचं स्पिरिट आणि खोडरबर घेऊन दोघांच्या डोळ्यांदेखत सगळं पुसलं आणि खेळ लावला. जमीन आली, आकाश निळं झालं, ससोबा अखंड होऊन उडी मारून गेला.

परीक्षकांनी पुन्हा चष्मा पुसला. मग खऱ्या दुःखानं म्हणाले, "तुम्ही ते किती साधं करून टाकलंत हो!"

मी संपादकांकडे बघितलं. म्हटलं आता तरी हा माणूस खो खो हसेल. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांचं छापू या. तुझं चूक नाही गं. पण त्यात खोली नाही."

खोली! माझा संताप संताप झाला. त्यांच्या परीक्षणाची स्पेलिंगं मी दात आवळून तपासली, आणि ते छापून आलं.

आणि पुढची गंमत बघा. दोन वर्तमानपत्रांतल्या विद्वानांनी, कॅसेट डोळ्यांनी न बघता, तेच लिहिलं. एकानं तर जमीन नसणं म्हणजे बेंगळुरातली तळी बुजवल्याचा सूड, असंही शोधून काढलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! भाऊ मार्केटात गेला तर नकली कॅसेटी विकणारा त्याला विचारत होता, "जमीनवाला पाहिजे की बिनजमीनवाला? बिनजमीनवाल्याला स्वल्प थांबावं लागेल."

मग वाचकांच्या तक्रारी सुरू झाल्या. आमच्या ससोबाला जमीन आहे, आम्ही फसलो का? संपादक गडबडले. काहीतरी उत्तर तर द्यायला हवं, आणि परीक्षकांची अब्रूही राखायला हवी. त्यांनी काय करावं? मी लिहिलेलं परीक्षण काढलं, त्याच्या चार ओळी ठेवल्या आणि पुढच्या अंकात वाचकांच्या पत्रांत छापल्या. मला न विचारता. त्या पानाची मुद्रितंही माझ्याकडे येऊ दिली नाहीत. खाली माझं नाव, पुढे चामराजपेट. आणि त्याखाली, तिरप्या ठशात, परीक्षकांचं उत्तर: पत्रलेखिकेनं खेळाच्या पृष्ठभागाखाली पाहण्याची सवय लावून घ्यावी, ही जाण वयानुसार येते.

अंक हातात पडला आणि मला ऑफिसातच रडू फुटलं. सदर तर गेलंच होतं, ते मी कधीच गिळलं होतं. पण ज्याच्यासाठी एवढी धडपड केली ते परीक्षण असं कापून, कुणा कुरकुऱ्या वाचकाचं म्हणून दारात टाकायचं? नीच लोक!

घरी पोचले तर अण्णांनी बाहेरून अंक आणलेला. दुकानातले दोघे, शेजारची माणसं, समोर म्हैसूरपाकाचं ताट. "छापून आलं की गं!" म्हणून अण्णांचा चेहरा असा फुललेला, की काय छापून आलंय हे सांगायला माझी जीभ उचलेना. त्यांना इंग्रजी जेमतेमच. अंक आत्याच्या हातात होता. ती आमच्याकडेच असायची, मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. तिनं माझ्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खालचं उत्तर मनातल्या मनात, सावकाश, दोनदा वाचलं.

"तुझं ठीक आहे," ती म्हणाली, "पण खालच्या गृहस्थांनी किती सुंदर लिहिलंय! काय ती वाक्यरचना! त्यांच्या हाताखाली शीक हो थोडं."

मी तिच्या हातातून अंक ओढून घेतला. तो काखेत मारला आणि डोळे पुसत आत निघाले.

"बघा," आत्या सगळ्यांकडे वळून म्हणाली, "एवढंसं बोललेलं सोसत नाही, आणि निघालीय समीक्षक व्हायला!"